जहाज सहाला सुटेल, पण तुमचा दिवस सव्वातीनला संपतो

पत्र थोडक्यात असं: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ताईंनी लिहिलं आहे. वय ४४, घरी कापूस-तुरीची शेती. यजमान ५१ वर्षांचे, त्यांना सहा वर्षांपासून शुगर आहे. सासूबाई सत्तरीच्या. मुंबईत नोकरीला असलेल्या पुतण्यानं जानेवारीतल्या समुद्रसफरीची चार तिकिटं काढली आहेत, हे तिघं आणि तो स्वतः. मुंबईहून निघालेलं जहाज एका शुक्रवारी सकाळी आठला कोचीच्या बंदराला लागेल आणि सायंकाळी सहाला सुटेल. यजमान म्हणतात, जहाजवाल्यांच्या बसनं जाऊ, आपल्याला तिकडची भाषा येत नाही. पुतण्या म्हणतो, उतरायचंच कशाला, सगळे उतरले की जहाज रिकामं मिळतं. सासूबाईंनी आजवर समुद्र पाहिलेला नाही आणि त्या म्हणतात, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ ताईंचं मन मात्र पायी शहर पाहण्यावर आहे. त्या विचारतात, ‘आम्ही रोज वावरात चार-पाच किलोमीटर चालतो. दहा तास हाती आहेत. तेवढ्यात सगळं कोची पायी पाहून होणार नाही का? की मीच हट्ट करते आहे? आणि जहाज आम्हाला सोडून गेलं तर?’

ताई,

हा हट्ट नाही. कोचीचा जुना भाग पायीच पाहावा असा आहे. गल्ल्या अरुंद, वळणावळणावर थांबावंसं वाटेल असं काहीतरी, आणि बसच्या काचेतून त्यातलं फारसं हाती लागत नाही. पण तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टी आधी तपासून घेऊ: दहा तास, पाच किलोमीटर आणि ‘सगळं’.

दहा तासांचा हिशेब उलट्या बाजूनं मांडा. जहाज सहाला सुटतं, पण प्रवाशांनी परत चढण्याची वेळ त्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. ती वेळ आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेली असते आणि जहाजाच्या उतरणीच्या दारापाशीही लिहिलेली असते. ती पाच आहे असं धरू. शेवटच्या अर्ध्या तासात सगळे एकदम परततात, सामान तपासणीच्या यंत्रापुढे रांग लागते, म्हणून बंदराच्या फाटकाशी तुम्ही चारला असायला हवं. फोर्ट कोची, म्हणजे शहराचा जुना भाग, तिथून फाटकापर्यंत गाडीनं अर्धा तास धरा. वाटेत तोप्पुंपडीच्या पुलापाशी वाहनं तुंबतात आणि दुपारी साडेतीनच्या पुढे शाळा सुटतात, म्हणून आणखी पंधरा मिनिटं ठेवा. म्हणजे सव्वातीनला गाडीत बसलेलं असायला हवं. सकाळकडूनही तेवढंच कापलं जातं. जहाज आठला लागतं म्हणजे दोर बांधले जातात. शिडी लागून, परवानगी मिळून, रांगेतून बाहेर पडेपर्यंत नऊ वाजतात, आणि जहाजवाल्यांच्या बसनं जाणाऱ्यांना बहुधा आधी सोडतात. शहरात पोचायला पावणेदहा. पावणेदहा ते सव्वातीन म्हणजे साडेपाच तास. जेवणाचा एक तास वजा केला की हाती साडेचार तास उरतात. ठरवायचं ते या साडेचार तासांचं.

दुसरा गैरसमज अंतराचा आहे, आणि तो फार जणांचा असतो. जहाजातून उतरलं की समोर शहर, असं कोचीत नाही. जहाजं विलिंग्डन बेटावर लागतात. हे बेट बहुतांशी मूळचं नाही. रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली बंदर खोल करताना निघालेला गाळ एका लहानशा बेटाभोवती टाकून ही जमीन तयार झाली. आपल्याकडे तलावातला गाळ वावरात टाकतात ना, त्याच रीतीनं, पण जवळजवळ अख्खं बेट. तिथं गोद्या, कचेऱ्या आणि रेल्वेचे रूळ आहेत. पाहण्यासारखा जुना भाग पाण्यापलीकडे आहे: मट्टणचेरी रस्त्यानं पाच-सहा किलोमीटर आणि फोर्ट कोची सात-आठ. हा रस्ता पायी तुडवण्यात काही मिळत नाही. ट्रक, धूर, ऊन आणि वर पूल. तिथं पाय खर्ची घातले तर चर्चच्या दारात पोचेपर्यंत सासूबाई दमलेल्या असतील. म्हणून कंटाळवाणा रस्ता गाडीनं आणि पाहण्याचा रस्ता पायी, अशी वाटणी करा. त्यातही गाडीत बसायला कमीपणा वाटू देऊ नका.

आता वावरातल्या पाच किलोमीटरबद्दल. ती सवय खरी आहे आणि कामाला येईल, पण ती जशीच्या तशी कोचीत लागू पडत नाही. आपल्या मे महिन्यातली ४५ अंशांची धग कोरडी असते. घाम येतो आणि लगेच उडून जातो, त्या उडण्यानंच अंग थंड होतं. कोचीत जानेवारीतही दुपारी तापमान तिशीच्या वर असतं आणि हवेत समुद्राचा दमटपणा. तिथं घाम येतो पण वाळत नाही, म्हणून पारा कमी दिसूनही अंग जास्त तापतं. विदर्भातला माणूस तिथं ‘ऊन तर काहीच नाही’ म्हणत डोक्यावर काही न घेता निघतो आणि दीड तासानं त्याला गरगरायला लागतं. शिवाय वावरातली माती पायाखाली दबते. फरशी आणि डांबर दबत नाही, सगळा धक्का गुडघ्यात जातो. आणि पाहत चालणं हे थांबत-थांबत चालणं असतं. उभं राहण्यानं पाय चालण्यापेक्षा जास्त दुखतात, हे लग्नात वाढप केलेल्या कुणालाही माहीत आहे. म्हणून ताशी दोन किलोमीटरपेक्षा जास्त वेग धरू नका. पुढे जो मार्ग सांगते आहे, त्यात दिवसभराचं पायी चालणं तीन किलोमीटरच्या आत बसवलं आहे.

निघण्याच्या महिनाभर आधी घरीच एक चाचणी करा. गावापासून फाट्यापर्यंत डांबरी रस्त्यानं, सफरीत घालणार तीच पायताणं घालून, पाण्याची बाटली असलेली पिशवी खांद्याला लावून, सासूबाईंना बरोबर घेऊन दीड किलोमीटर जा. तासभर बसा. मग तेवढंच परत या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे गुडघे कसे आहेत ते पाहा, कारण दुखणं त्याच दिवशी कळत नाही. सफरीसाठी नवे बूट घ्यायचे असतील तर आताच घ्या आणि रोज घाला. नवा बूट अधिक घाम म्हणजे फोड, आणि तो फोड यजमानांच्या पायाला झाला तर साखरेमुळे महिनाभर चिघळू शकतो. त्यांना मागून पट्टा असलेली, पुढून बंद, थोडी सैल पायताणं आणि सुती मोजे द्या. परतल्यावर त्यांनी तळवे आणि बोटांच्या बेचक्या स्वतः पाहाव्यात किंवा तुम्ही पाहा. शुगरवाल्यांना फोड झालेला कळतच नाही, असं होतं.

आता यजमान आणि पुतण्या यांचं म्हणणं. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. जहाजवाल्यांच्या बसचा खरा फायदा भाषेचा नाही, वेळेचा आहे. त्यांनीच काढलेली सहल उशिरा परतली तर जहाज साधारणपणे थांबतं. स्वतःहून गेलेल्यांसाठी थांबत नाही. हे एक कारण पुष्कळांना पुरेसं वाटतं आणि त्यात चूक नाही. पण चाळीस माणसं उतरवून, मोजून, परत बसवण्यात प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि सासूबाईंना मध्येच दमायला झालं तर बस त्यांच्यासाठी सावलीत थांबत नाही. बस घ्यायचीच असेल तर बुकिंगच्या आधी विचारा की किती ठिकाणी उतरवणार, प्रत्येक ठिकाणी किती वेळ, आणि दुकानात नेणार का. भाषेची चिंता मात्र सोडा. फोर्ट कोचीत जगभरचे लोक येतात, पाट्या इंग्रजीतही असतात आणि ऑटोवाल्यांना, दुकानदारांना कामापुरती हिंदी कळते. मट्टणचेरीत तर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले गुजराती व्यापारी आणि कोकणी बोलणारी घराणी आहेत. चेरलाईच्या तिरुमला देवस्वम देवळाच्या आसपास कोकणी कानावर पडली तर तुम्हाला अर्धी-अधिक समजेल.

पुतण्याचं म्हणणं, म्हणजे जहाजावरच थांबणं, हे सासूबाईंनी स्वतः मागितलं तर उत्तम. त्यांच्या वतीनं दुसऱ्यानं ठरवलं तर नाही. त्या एकट्या मागे राहणार असतील तर तेही नको. जहाजाचे मजले, लिफ्टा आणि सारखे दिसणारे लांब बोळ यांत पहिल्यांदा आलेलं माणूस सहज चुकतं.

शुक्रवार ही तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे, आणि ती तुम्ही सहज लिहून गेलात. मट्टणचेरीचा राजवाडा, ज्याला डच पॅलेस म्हणतात, शुक्रवारी बंद असतो. तो पोर्तुगीजांनी १५५५च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला, डचांनी पुढे दुरुस्त केला, आणि आत भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत. ती सासूबाईंना फार आवडली असती, पण या खेपेला नाही. शेजारचं परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद असतं. शुक्रवारी सकाळी उघडं आहे का ते आधी विचारून घ्या, आणि दुपारनंतर उघडं मिळेल असं धरून चालू नका. म्हणून तुमच्यासाठी क्रम उलटा: सकाळी आधी मट्टणचेरी, मग फोर्ट कोची. एरवी बहुतेक लोक आधी फोर्ट कोचीला जातात, ते इतर वारी ठीक आहे.

तर पावणेदहाला मट्टणचेरीत ज्यू टाउनच्या गल्लीच्या तोंडाशी उतरा. त्या दिवशी उघडं असेल तर सिनेगॉग दहाच्या सुमाराला उघडतं. ते १५६८चं आहे. बाहेरचा घड्याळाचा मनोरा १७६०चा, आणि आत जमिनीवर चीनमधून आणलेल्या, हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या. जागा लहान आहे, अर्धा तास पुरतो. चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून यजमानांसाठी मोज्यांचा जादा जोड पिशवीत ठेवा, शुगर असताना अनवाणी नको. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी-सलवारीला अडचण नाही, पुतण्यानं मात्र अर्धी चड्डी घालू नये. मग गल्लीतून सावकाश परत या. मसाल्यांचा वास तुम्हाला आधीच गाठेल.

मसाला घ्यायचा तर काळी मिरी, वेलची आणि लवंग घ्या, प्रत्येकी पाव किलोच्या आत. हळद घेऊ नका. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तेवढ्या लांबून हळद आणण्याचं कारण नाही. मिरी पारखायची सोपी रीत म्हणजे दहा-बारा दाणे पाण्यात टाका. भरलेला दाणा बुडतो, पपईचं बी आणि पोचट दाणा तरंगतो. दाण्यांवर तेलकट चमक असेल आणि बोटाला वास लागत असेल तर सोडून द्या. सुऱ्या, विळे असलं काही घेऊ नका, परत चढताना पिशवी यंत्रातून जाते आणि ते काढून घेतात. आणि खरेदी अकराच्या आत संपवा. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या सुमाराला या भागातले रस्ते भरतात.

अकराला गाडीनं अडीच किलोमीटरवरच्या फोर्ट कोचीला, थेट सांताक्रूझ बॅसिलिका या मोठ्या चर्चच्या दारात. आधी बॅसिलिका अशासाठी, की दुपारी दारं बंद मिळण्याची भीती राहत नाही. जुनं पोर्तुगीज चर्च इंग्रजांनी १७९५मध्ये पाडलं. आजची इमारत १९०५ची. आतलं रंगवलेलं छत बाकावर बसून वर पाहायचं. सासूबाईंना इथंच पहिली बैठक द्या, पंधरा मिनिटं. तिथून प्रिन्सेस स्ट्रीटनं चालत निघा, लहानशी गल्ली आहे. वाटेत एखाद्या खाणावळीत चहा-लिंबूपाणी घ्या आणि तिथलं स्वच्छतागृह वापरा.

या मुद्द्यावर स्पष्ट लिहिणं भाग आहे. प्रवासात जागा मिळणार नाही म्हणून बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आपल्याकडे ही सवय घरोघरी आहे, आणि कोचीच्या दमट हवेत तीच सगळ्यात आधी आडवं पाडते. दर तासाला प्रत्येकीनं पेलाभर पाणी प्यायलंच पाहिजे. जागेची सोय अशी की जहाजातून उतरण्याआधी एकदा, साडेअकराला खाणावळीत, जेवताना आणि निघण्यापूर्वी. चार वेळा ठरलेल्या असल्या की पाणी पिण्याची धास्ती राहत नाही. तुमच्या आणि सासूबाईंच्या बाटलीत एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. मीठ यापेक्षा जास्त नको. सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारूनच. यजमानांना ते पाणी नको, साधं पाणी द्या. पण त्यांच्या खिशात साखरेची पुडी हवीच. गोळ्या घेऊन, जास्त चालून, जेवायला उशीर झाला की साखर उतरते: हात थरथरतात, दरदरून घाम सुटतो, माणूस चिडचिड करतो. कोचीत घाम सगळ्यांनाच येतो, त्यामुळे हे लक्षण कुणाच्या ध्यानात येत नाही. शंका आली तरी बसवा, तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटं थांबा. त्या दिवशीच्या गोळीचं काय करायचं ते त्यांच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून ठेवा.

पाचेक मिनिटं चाललं की सेंट फ्रान्सिस चर्च. पोर्तुगीजांनी इथं आधी लाकडी चर्च बांधलं, मग १५१६मध्ये दगडी झालं. वास्को द गामा १५२४च्या डिसेंबरात कोचीत वारला तेव्हा त्याला इथंच पुरलं होतं. पुढे अवशेष पोर्तुगालला नेले, पण थडग्याची जागा कठडा करून राखलेली आहे. वरती कापडी पंखे आहेत, ते पूर्वी बाहेर बसलेला माणूस दोरीनं ओढत असे. ते सासूबाईंना दाखवा. आत माणसं दगडी थडग्यांची पाटी वाचत बसतात, वर पाहायचं राहून जातं.

साडेबाराला जेवा. पुढे ढकलू नका, यजमानांसाठी ती वेळ औषधासारखी पाळायची. शाकाहारी असाल तर आत बसण्याआधी तसं स्पष्ट सांगा आणि ‘फिश करी नको’ असंही सांगा, कारण केरळी थाळीत ती सहज वाढली जाते. तिथला जाड लालसर भात पहिल्यांदा खाणाऱ्याला जड जातो, अर्धाच घ्या. जेवल्यावर परेड मैदानाच्या कडेला मोठाल्या झाडांची सावली आहे. दीड ते दोन तिथंच बसा. ही अर्ध्या तासाची सुटी काढून तिथं आणखी एक वस्तुसंग्रहालय बसवावं, असा मोह होईल. बसवू नका.

दोनला समुद्राकडे. चिनी जाळी इथं काठानं रांगेत उभी आहेत. सागाच्या आणि बांबूच्या मोठ्या चौकटीला जाळं टांगलेलं, आणि दुसऱ्या टोकाला दोरांना दगड बांधलेले. तुम्ही बैलगाडी उलाळ होताना पाहिली आहे, मागं ओझं वाढलं की धुरा वर उचलला जातो. हे तेच तत्त्व आहे. चार-सहा माणसं दोर ओढतात, दगड खाली येतात आणि पाण्यातून अख्खं जाळं वर उठतं. कोळी बांधव ‘या, ओढून पाहा’ म्हणून बोलावतात आणि नंतर पैसे मागतात. त्यांच्या मेहनतीचे ते पैसे आहेत, द्यायला हरकत नाही, पण किती ते आधी विचारा. ओल्या फळ्यांवर सासूबाईंना नेऊ नका.

गाडीबद्दल थोडं. कोचीत ऑटोत तीनच माणसं बसवतात, आपल्या काळीपिवळीसारखं चौथ्याला ड्रायव्हरशेजारी घेत नाहीत. तुम्ही चौघं आहात, म्हणून जाताना-येताना टॅक्सी बरी, पुतण्यानं फोनवरून बोलवावी. मधल्या अडीच किलोमीटरला दोन ऑटो करा आणि पुतण्या सासूबाईंच्या ऑटोत बसेल असं पाहा. बंदराच्या फाटकाबाहेर ‘अगदी थोड्या पैशांत सगळं कोची फिरवतो’ म्हणणारे भेटतील. ते स्वस्त अशासाठी असतं, की वाटेत हस्तकलेच्या मोठ्या दुकानांत नेलं की दुकानदार त्यांना काहीतरी देतो. तुमचे साडेचार तास तिथं संपतात. बसण्याआधी तीन गोष्टी बोला: मीटरनं की ठरवून, दुकानात थांबायचं नाही, आणि कुठं सोडायचं. परतताना नुसतं ‘पोर्ट’ म्हणू नका, पाण्यापलीकडे वल्लारपाडमला कंटेनरचं वेगळं बंदर आहे. ‘विलिंग्डन आयलंड, क्रूझ टर्मिनल’ म्हणा, आणि सकाळी बाहेर पडताना फाटकाच्या पाटीचा फोटो काढून तो दाखवा. पुतण्याला वॉटर मेट्रोच्या बोटीत बसायची हौस असेल, ती २०२३मध्ये सुरू झाली आणि फोर्ट कोचीलाही येते. पण सुटीच्या मोसमात रांग लागते. परतीचा भरवसा बोटीवर ठेवू नका.

सकाळी फाटकाबाहेर पडायलाच दहा वाजून गेले तर मट्टणचेरी सोडा आणि थेट फोर्ट कोचीला जा. हे आदल्या रात्रीच चौघांत ठरवून ठेवा, धक्क्यावर उभं राहून वाद घालू नका.

जहाजावर राहिल्यावर जमिनीवर पाय ठेवला की जमीन हलल्यासारखी वाटते. तासाभरात जातं, तोवर सासूबाईंचा हात धरा. उलटीची गोळी घेतली असेल तर तिनं झोप येते, म्हणून त्या सकाळी गरज नसताना देऊ नका. फोन समुद्रात असताना विमान-मोडवर ठेवा, नाहीतर जहाजावरचं महागडं नेटवर्क पकडतो. कोचीचा नकाशा घरूनच, तालुक्याच्या गावी चांगलं नेटवर्क असताना उतरवून घ्या.

जहाज सुटलंच तर? प्रत्येकाजवळ मूळ आधार कार्ड, थोडी रोकड, एटीएम कार्ड आणि दोन दिवसांची औषधं असायला हवीत. औषधं खोलीत ठेवून उतरणं ही सगळ्यात महाग चूक आहे. कार्यक्रमपत्रिकेवर बंदरातल्या प्रतिनिधीचा नंबर असतो, तिचा फोटो चौघांच्याही फोनमध्ये हवा. उशीर होतोय असं दिसताच फोन करा, जहाज सुटल्यावर नाही. पुढच्या बंदरापर्यंत स्वतःच्या खर्चानं जावं लागतं. आणि तेही नाही जमलं, तर एर्नाकुलमहून केरळ एक्सप्रेस बल्लारशा-नागपूर मार्गानंच दिल्लीला जाते. म्हणजे सामान मागे राहील, पण घरचा रस्ता बंद होणार नाही. यजमानांना हे सांगा, त्यांची निम्मी धास्ती यातच आहे असं पत्रावरून वाटतं.

सासूबाईंच्या बटव्यात एक चिठ्ठी घाला: जहाजाचं नाव, पुतण्याचा नंबर, ‘क्रूझ टर्मिनल, विलिंग्डन आयलंड’ इंग्रजीत. चुकामूक झाली तर सेंट फ्रान्सिस चर्चच्या फाटकाशी थांबायचं, दुसरीकडे शोधत फिरायचं नाही, हे त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घ्या.

आणि त्यांना नीट विचारा. ‘कुठं जायचं?’ असं विचारलं की त्या ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणणारच, चाळीस वर्षं त्याच उत्तराची सवय आहे. त्याऐवजी, ‘चर्चमध्ये बसायचं की समुद्राकाठी?’ असं विचारा. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही असं तुम्ही लिहिता. जहाजाच्या कठड्यावरून तो कितीतरी मजले खाली दिसतो. फोर्ट कोचीच्या काठावर चालायचा फरसबंद रस्ता आहे, बसायला जागा आहे, समोरून होड्या आणि मोठाली जहाजं बंदराच्या तोंडातून आत-बाहेर करतात. पाण्यात मात्र उतरू देऊ नका, काठाला दगड आहेत आणि बंदराच्या तोंडाशी ओढ असते. नुसतं बसू द्या. सव्वादोन ते तीन त्यांचे. तेवढ्यात फोटो, खरेदी, नारळपाणी असलं कुठलंही काम त्यांना लावू नका, आणि तीन वाजता पुतण्याला टॅक्सी बोलवायला सांगा.